ताजे दोन तास, प्रसारण आठ तास: गावच्या रेडिओचा तक्ता कसा बसतो

सातारा जिल्ह्यात म्हसवडला ९०.४ लावलं की माणदेशी तरंग वाहिनी लागते. तेलंगणात झहीराबादजवळच्या माचनूरला तोच आकडा लावला तर संघम् रेडिओ लागतो. दोन केंद्रं एकाच आकड्यावर चालतात, तरी एकमेकांच्या आवाजात शिरत नाहीत. कारण सामुदायिक रेडिओला, म्हणजे स्थानिक संस्था आपल्या भागापुरती चालवतात त्या छोट्या केंद्रांना, मुळात दूरवर जाऊच दिलेलं नाही. ट्रान्समीटर साधारण ५० वॅटचा असतो आणि अँटेनातून निघणारी परिणामी शक्ती १०० वॅटच्या आत ठेवावी लागते. टॉवर जास्तीत जास्त ३० मीटर. आकाशवाणीची मोठी एफएम केंद्रं दहा-दहा किलोवॅटवर चालतात. इथे सपाट रानात दहा-बारा किलोमीटर नीट ऐकू आलं तरी पुष्कळ झालं, आणि मध्ये डोंगर आला की तेवढंही नाही.

कार्यक्रमांची सगळी गणितं या दहा-बारा किलोमीटरातून सुटतात. ऐकणारी गावं पंधरा-वीस असतात, सगळ्यांचा आठवडी बाजार एक, वीज येण्याची वेळ एक आणि पाऊसही एकच. त्यामुळे तक्ता बसवताना विषयांची यादी हाताशी घ्यायची नाही, तिथल्या माणसांचा दिवस घ्यायचा. नवी केंद्रं नेमकी इथे चुकतात. सोमवारी शेती, मंगळवारी आरोग्य, बुधवारी महिला, गुरुवारी युवा असा देखणा तक्ता भिंतीवर लागतो आणि तीन महिन्यांत कोलमडतो. शेती करणारी बाई ही महिलाही असते आणि तिला आरोग्यही असतं. तिचा हात रिकामा आणि कान मोकळा कधी असतो, एवढंच केंद्राला कळायला हवं.

कायदा काय म्हणतो, थोडक्यात

रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. त्यानंतर २००२ च्या अखेरीस शैक्षणिक संस्थांना केंद्र काढायची मुभा मिळाली. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं केंद्र १ फेब्रुवारी २००४ ला सुरू झालं. स्वयंसेवी संस्थांसाठी दार उघडलं ते २००६ च्या अखेरीस. माचनूरच्या दलित शेतकरी बायकांकडे स्टुडिओ आधीपासून होता, ध्वनिमुद्रणंही होत होती, पण परवाना नसल्याने ती हवेत सोडता येत नव्हती. त्यांचं प्रसारण १५ ऑक्टोबर २००८ ला सुरू झालं.

कार्यक्रमांपुरत्या अटी मोजक्या आहेत. निदान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून झालेले हवेत, भाषा शक्यतो तिथली बोली हवी. आकाशवाणीची कार्यक्रम आणि जाहिरात संहिता पाळायची. प्रसारित झालेल्या प्रत्येक मिनिटाचं ध्वनिमुद्रण तीन महिने जपायचं. आणि स्वतःच्या बातम्या द्यायच्या नाहीत.

हा शेवटचा नियम नवख्यांना फार जाचतो. आकाशवाणीच्या बातम्या तेवढ्या घेता येतात, त्यात आपल्या पदरचं काही न घालता. बाकी राजकारण आणि चालू घडामोडी बंद. मग उरतं काय? पुष्कळ उरतं. हवामान, वाहतूक, परीक्षा आणि प्रवेश, नोकरीच्या जागा, यात्रा-जत्रा, खेळांची माहिती, वीज-पाण्याच्या सूचना, साथीचा इशारा, आपत्तीची सूचना हे बातमीत धरलं जात नाही. सावध केंद्रं रेघ अशी ओढतात: ग्रामसभा कधी, कुठे आणि कोणत्या विषयांवर आहे ते सांगायचं, सभेत कोण कोणाला काय बोललं ते सांगायचं नाही. तसं पाहिलं तर पाण्याचा टँकर कोणत्या वस्तीवर किती वाजता येणार, ही गावातली सगळ्यात मोठी बातमीच असते. ती सूचना म्हणून बिनधास्त देता येते.

माणसांचा दिवस

म्हसवडच्या माण तालुक्यासारख्या कोरडवाहू भागातला दिवस धरू. पहाटे साडेपाच ते साडेसात धारा, वैरण, चूल, डेअरीला दूध घालणं. हात गुंतलेले आणि कान मोकळे असा याच्याइतका चांगला वेळ दिवसात दुसरा नाही. पण माणूस सारखं उठतं-बसतं, गोठ्यातून घरात येतं. अर्ध्या तासाची मुलाखत इथे वाया जाते. तीन ते पाच मिनिटांचे तुकडे लावायचे: अभंग, हवामान, आजच्या सूचना, पुन्हा गाणं, शेतीची एकच गोष्ट. सूचना या दोन तासांत तीनदा वाचायची, कारण पहिल्या वेळी निम्मे लोक गोठ्यात होते.

नऊ ते अकरा सगळे वाटेवर. त्या वेळात ट्रान्समीटर बंद ठेवला तरी कोणाचं अडत नाही, आणि विजेचं बिल वाचतं.

दुपारी बारा ते दोन बायका भांगलणीला असतील तर बांधावर झाडाच्या सावलीत भाकरी सुटते. एका फोनभोवती पाच-सहा जणी बसतात. लांब कार्यक्रम चालतो तो इथे, कारण ऐकणाऱ्या एका जागी आहेत आणि ऐकता ऐकता त्यावर बोलणारही आहेत. संध्याकाळी सात ते नऊ या वेळेवर सगळ्यांचा डोळा असतो, पण तिथे टीव्हीच्या मालिका उभ्या आहेत. संघम् रेडिओने तरीही सात ते नऊ हीच वेळ धरली, कारण दिवसभर मजुरीला गेलेल्या बायका तेव्हाच घरी असत. म्हणजे टीव्हीला भिऊन वेळ सोडायची नाही. मात्र टीव्ही न बघणाऱ्यांसाठी, किंवा टीव्ही जे कधी देणार नाही ते, तिथे लावायचं.

राहिली रात्र. शेतीची थ्री-फेज वीज अनेक भागांत एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री अशी आळीपाळीने येते. रात्रपाळीच्या आठवड्यात माणसं रात्री उशिरापर्यंत रानात दारं धरत असतात. अंधार, बिबट्याची नाहीतर सापाची भीती आणि खिशात फोन. त्या आठवड्यात रात्री दहा ते साडेअकरा गाण्यांचा एक पट्टा वाढवला, तर जेवढे श्रोते मिळतात तेवढे सकाळच्या आरोग्य-व्याख्यानाला कधी मिळत नाहीत. सौर फीडरमुळे, म्हणजे सौर ऊर्जेवरच्या शेतीच्या वीजवाहिनीमुळे, जिथे दिवसाची वीज कायम झाली, तिथे हा पट्टा बंद करायचा. सवय झाली म्हणून चालू ठेवायचा नाही.

वर्षाचाही तक्ता असतो. मेंढपाळ दिवाळीनंतर मेंढरं घेऊन बाहेर पडतात आणि पावसाळ्याकडे परततात. ते प्रसारणाच्या टप्प्यात असतात तेवढ्याच महिन्यांत मेंढरांचे कार्यक्रम ठेवायचे. आंत्रविषार या मेंढरांच्या रोगाच्या लसीबद्दल जानेवारीत बोलून ऐकणार कोण?

आठ तास भरायचे कुठून

चार माणसांचं केंद्र धरा. रोजचे आठ तास प्रत्येकी, म्हणजे ३२ तास. प्रसारणाच्या आठ तासांत एक माणूस यंत्रापाशी लागतो, ८ गेले. दोघं गावात ध्वनिमुद्रणाला गेले, जाऊन-येऊन तीन-तीन तास, ६ गेले. फोन, नोंदवही, फायली यांत ३. जेवण, चहा, बैठक यांत ४. उरले ११. अर्ध्या तासाचा, चार माणसं बोललेली आणि नीट जोडलेला कार्यक्रम साधारण पाच तास खातो. म्हणजे असे दोनच होतात, १० तासांत. उरलेला एक तास संध्याकाळच्या थेट फोन-कार्यक्रमाच्या तयारीला. ताजा माल झाला दोन तास: एक तास जोडलेला, एक तास थेट.

बाकीचे सहा तास असे भरतात. त्याच दोन तासांचं पुनःप्रसारण, वेगळ्या वेळी. संग्रहातली स्थानिक गाणी दोन तास. गेल्या आठवड्यातलं चांगलं काही एक तास. सूचना, हवामान, जाहिराती मिळून एक तास. पट्टे तीन: पहाटे साडेपाच ते साडेआठ, दुपारी बारा ते दोन, संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ.

पुनःप्रसारणाची लाज वाटायचं कारण नाही. पहाटेचा आणि दुपारचा श्रोता वेगळा आहे. आठ तास ताजे देऊ म्हणणारं केंद्र दुसऱ्याच महिन्यात दिवसभर सिनेमाची गाणी लावताना सापडतं. त्या गाण्यांना हक्कधारकांचा परवाना लागतो, पैसे लागतात, आणि शेजारचं खासगी एफएम तेच जास्त चांगल्या आवाजात देत असतं.

पुनःप्रसारणात एकच सापळा आहे: शिळी माहिती. मागच्या वर्षीच्या लसीकरण शिबिराचा कार्यक्रम गर्दीच्या दिवशी कोणीतरी घाईने लावतो आणि लोक जनावरं घेऊन दवाखान्यापुढे उभे राहतात. असं एकदा झालं की पुढची खरी सूचनाही लोक मनावर घेत नाहीत. उपाय फुकटचा आहे. प्रत्येक फाइलच्या नावात विषय, गाव, ध्वनिमुद्रणाची तारीख आणि ‘या तारखेनंतर लावू नये’ अशी शेवटची तारीख घालायची. ओवीला शेवटची तारीख नसते, बाजारभावाला ती त्याच संध्याकाळची असते.

एक शेतीचा तुकडा, सुरुवातीपासून

विषय घटसर्प आणि फऱ्या, जनावरांचे दोन रोग. लस पावसाळ्याआधी द्यायची, म्हणून मे महिन्यात लावायचा. पशुवैद्यकाला बोलावलं की ते आधी रोगाची व्याख्या सांगतात: जिवाणूजन्य, संसर्गजन्य, वगैरे. ते थांबवून पहिला प्रश्न विचारायचा, ‘जनावर दिसतं कसं?’ घटसर्पात ताप, गळ्याला सूज, श्वास घेताना घरघर, हे शेतकऱ्याने पाहिलेलं असतं. मग आज काय करायचं, काय करायचं नाही, कोणाला बोलवायचं. व्याख्या आलीच तर शेवटी. वीस मिनिटांचं बोलणं सात मिनिटांवर आणायचं आणि त्यात ज्याचं जनावर वाचलं अशा एखाद्या शेतकऱ्याचं दोन मिनिटांचं बोलणं जोडायचं. डॉक्टरांचं सांगणं पटतं, पण लोक जातात ते शेजाऱ्याने केलं म्हणून.

औषधाचं प्रमाण सांगणं हा सगळ्यात धोक्याचा भाग. ऐकणाऱ्याच्या हातात कागद नसतो. फवारणीचा पाठीवरचा पंप कोणाकडे १५ लिटरचा असतो, कोणाकडे १६ चा. ‘दोन झाकणं’ म्हणायचंच नाही, प्रत्येक बाटलीचं झाकण वेगळं. पंप किती लिटरचा धरला ते आधी सांगायचं, मग औषध किती मिली, मग ते मापाच्या पेल्याने मोजा म्हणायचं, आणि तो आकडा लगेच पुन्हा एकदा. ‘पंधरा’ आणि ‘पन्नास’ खरखरीत रेडिओवर सारखे वाटतात, म्हणून ‘पंधरा, एकावर पाच’ असं फोडून सांगायचं. प्रमाण बाटलीवरच्या चिठ्ठीशी ताडून पाहिलेलं नसेल तर तेवढं वाक्य कापायचं आणि सहायक कृषी अधिकाऱ्यांना विचारा म्हणायचं. कार्यक्रम अर्धवट वाटेल, वाटू दे.

ओवी, ढोल आणि गोधड्या

स्थानिक गाण्यांचा संग्रह हीच केंद्राची खरी पुंजी. ओव्या, भलरी, गौळणी, भारुडं, भजनी मंडळं, धनगरांचं सुंबरान. पण ओवी म्हणणाऱ्या बाईला काचेच्या खोलीत बसवून ‘हं, म्हणा आता’ म्हटलं की आवाज बसतो. तिच्या घरी जायचं. जोडीला दुसरी बाई हवीच, कारण एकीने कडवं टाकलं की दुसरीला आठवतं.

जात्यावर ध्वनिमुद्रण करताना मायक्रोफोन जमिनीवर ठेवायचा नाही, जात्याची घरघर फरशीतून थेट चढते. हातात धरायचा, तोंडापासून वीतभर, थोडा बाजूला. तोंडासमोर धरला तर ‘प’ आणि ‘फ’ला फुंकर आदळते. जात्याचा आवाज नंतर दोन मिनिटं वेगळा घ्यायचा आणि जोडताना हलका खाली सोडायचा. धनगरी ढोलाला उलट: दहा-बारा फूट मागे या, पातळी एवढी कमी ठेवा की सगळ्यात जोरातल्या थापेलाही काटा लाल रेषेच्या बराच अलीकडे राहील. फाटलेला आवाज कोणत्याही सॉफ्टवेअरने शिवता येत नाही. कमी पातळीचा आवाज मात्र नंतर वाढवता येतो. ऑडेसिटीसारखं फुकटचं सॉफ्टवेअर या सगळ्या कामाला पुरतं.

निघण्यापूर्वी त्याच जागेची अर्धा मिनिट शांतता ध्वनिमुद्रित करायची. दोन तुकडे जोडताना मध्ये तीच भरतात, नाहीतर प्रत्येक सांध्याला आवाजाखालची पोकळी ऐकू येते. पंखा, फ्रिज बंद. आपला फोन विमान-मोडवर, नाहीतर ऐन रंगात आलेल्या ओवीत टर्र-टर्र उमटते आणि ती घरी येऊनच कळते.

पारंपरिक ओवी कोणाच्या मालकीची नसली तरी तिने म्हटलेल्या सादरीकरणावर कायद्याने तिचा हक्क असतो. संमती घ्यायची, लिहिता येत नसेल तर ध्वनिमुद्रणातच तोंडी. नाव आणि गाव सांगायचं का, तेही विचारायचं.

स्टुडिओबद्दल दोनच गोष्टी. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवायची रीत गावोगाव आहे. त्यांनी घुमणं किंचित कमी होतं, बाहेरचा ट्रॅक्टर अजिबात थांबत नाही, आणि कागदी असल्याने आगीला आमंत्रण. त्यापेक्षा भिंतीपासून चार बोटं सोडून टांगलेल्या जाड गोधड्या कितीतरी चांगल्या. दुसरं, मायक्रोफोन डायनॅमिक जातीचा, म्हणजे जवळचाच आवाज पकडणारा, घ्यायचा. महागडा कंडेन्सर गल्लीतलं कुत्रंही स्वच्छ ऐकवतो.

फोनवरचा तास

थेट कार्यक्रमात फोन करणाऱ्याने आपला रेडिओ बारीक केला नाही तर आवाज गोल फिरतो आणि शिट्टी वाजते. म्हणून फोन हवेत सोडण्याआधी दुसऱ्या माणसाने तीन गोष्टी करायच्या: रेडिओ बारीक करायला सांगायचं, विषय काय ते विचारायचं, ‘तुम्ही आता सगळ्यांना ऐकू येणार आहात’ हे बजावायचं. निवडणुकीच्या दिवसांत हे गाळणं फार जपून करावं लागतं, कारण एखाद्याने पुढाऱ्याचं नाव घेऊन आरोप केला की परवाना केंद्राचा धोक्यात येतो, त्याचा नाही. आलेले व्हॉइस मेसेज आधी ऐकून लावायचे, थेट नाही.

मोठ्या शहरातल्या रेडिओवर नाव गाळलं की माणूस निनावी होतो. दहा किलोमीटरच्या टापूत तसं होत नाही. आवाजावरून, बोलण्याच्या ढबीवरून, ‘माझी दोन पोरं, नवरा एसटीत’ एवढ्या तपशिलावरून बाई संध्याकाळपर्यंत ओळखली जाते. घरातली मारहाण, गर्भपात, कर्ज, एचआयव्ही यांबद्दलचं बोलणं मूळ आवाजात कधीही लावायचं नाही. मजकूर दुसऱ्या आवाजात वाचून घ्यायचा, तपशील बदलायचे, आणि लावण्याआधी तिला ऐकवायचं. ती नको म्हणाली तर नाही. कार्यक्रम किती चांगला झालाय, हा मुद्दा इथे नसतो.

ऐकतंय कोण

टीव्हीसारखे टक्क्यांचे आकडे इथे कोणी देत नाही. केंद्रं फोन मोजतात आणि फसतात, कारण रोज तेच दहा हौशी लोक फोन करतात. फोनऐवजी गावं मोजायची. वहीत प्रत्येक पानावर एक गाव. महिनाभर कोरं राहिलेलं पान दिसलं की कारण शोधायचं. कधी टेकडीमुळे तिथे आवाजच पोचत नसतो. कधी अँटेनाच्या जोडात पावसाचं पाणी शिरलेलं असतं आणि शक्ती उलटी परत येत असते. ट्रान्समीटरवरचा परतीच्या शक्तीचा आकडा रोज सकाळी लिहून ठेवला असेल तर हे आठवड्यात कळतं, नाहीतर ट्रान्समीटर जळल्यावर. कधी कारण आणखी साधं असतं: नव्या स्मार्टफोनमध्ये एफएमच नसतं, किंवा असतं पण वायरचा इअरफोन लावल्याशिवाय लागत नाही, कारण ती वायरच अँटेनाचं काम करते. अशा वस्तीवर पेन ड्राइव्हवर कार्यक्रम नेऊन बचतगटाच्या बैठकीत स्पीकरवर ऐकवायचा. प्रसारण नसलं तरी प्रतिक्रिया खऱ्या मिळतात, तोंडावर मिळतात.

पैसा तक्त्यात कसा शिरतो

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने जाहिरातीची मर्यादा तासाला ७ मिनिटांवरून १२ मिनिटं केली आणि सरकारी जाहिरातीचा दर १० सेकंदांना ५२ रुपयांवरून ७४ रुपये केला. कागदावर तासाला ५,३२८ रुपये होतात. प्रत्यक्षात बारा मिनिटं भरतील एवढ्या जाहिराती क्वचितच येतात. बी-बियाण्यांचं दुकान, शिकवणी, दवाखाना, एवढाच स्थानिक बाजार. म्हणून केंद्रं प्रकल्पांवर जगतात: तीन महिने पोषण, सहा महिने बँकेची साक्षरता. पैसे घ्यावेतच, पण पोषणाचा प्रकल्प आला की सकाळ, दुपार, संध्याकाळ पोषणच सुरू होतं आणि लोक रेडिओ बंद करतात. कोणत्याही एका निधीचा कार्यक्रम दिवसाच्या ताज्या दोन तासांपैकी अर्ध्या तासाच्या वर जाऊ द्यायचा नाही, हे करारातच लिहून घ्यावं. देणाऱ्यांपैकी बहुतेकांची हरकत नसते, त्यांना कोणी सांगितलेलं नसतं एवढंच.

तीन महिन्यांच्या ध्वनिमुद्रणाला मोठी यंत्रणा लागते असा समज आहे. रोज आठ तास, ९० दिवस, म्हणजे ७२० तास. बोलणं कळेल एवढ्या दर्जात, ६४ केबीपीएसला (सेकंदाला ६४ किलोबिट), तासाला साधारण २९ एमबी लागतात. सगळं मिळून २१ जीबी. ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हवर मावतं, पण दोन वेगळ्या ठिकाणी ठेवायचं, आणि हे ध्वनिमुद्रण संगणकातून न करता रेडिओ संचातून करायचं. संगणकात कार्यक्रम व्यवस्थित वाजत असतो आणि ट्रान्समीटर तासभर बंद पडलेला असतो, हे फक्त रेडिओ संचालाच कळतं.